फ्लॉरेन्स : घराण्यांचे शहर आणि बिनआडनावाचा पुतळा

'प्रबोधन' हा शब्द आपल्या वस्तीत रोजचा आहे. जयंतीला प्रबोधनपर व्याख्यान असते, वर्षावासात प्रबोधन असते, रात्री गायन पार्टीही प्रबोधनाचीच असते. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मात्र हा शब्द युरोपातल्या एका कालखंडाला दिलेला होता. प्रबोधनकाळ म्हणजे साधारण चौदावे ते सोळावे शतक, आणि त्याचे माहेरघर म्हणजे इटलीतील फ्लॉरेन्स. लिओनार्दो, मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली ही नावे पाठ करून आम्ही गुण मिळवले. त्या काळात माणसाच्या अंगच्या गुणांना वाव मिळाला, जन्मापेक्षा कर्तृत्व मोठे ठरले, असे आम्हाला शिकवले होते. दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या मुलाला ते वाक्य फार धीर देऊन गेले होते.

ते वाक्य प्रत्यक्ष पडताळून पाहण्याची संधी इतक्या वर्षांनी आली. आमची भाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इटलीतील बोलोन्या विद्यापीठात शिकायला गेली. तिला भेटायला आम्ही आणि आमच्या सहचारिणी असे दोघे गेलो. बोलोन्याहून फ्लॉरेन्स जलद गाडीने तासाभराच्या आतच येते. सकाळी डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी घेतली, भाचीला वाटाड्या केले आणि निघालो. एका दिवसात जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

अपुऱ्या भिंतीचे मंदिर

स्टेशनातून बाहेर पडून पाच-सात मिनिटे चालले की सान लोरेन्झो हे चर्च लागते. त्याची दर्शनी भिंत पाहून आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "हे बांधकाम अर्धवटच राहिले की काय?" खरोखरच तसे आहे. समोर संगमरवर बसवायचा होता, तो शेवटपर्यंत बसला नाही. नुसते खडबडीत दगड दिसतात. आत मात्र फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेडिची घराण्याची थडगी आहेत. मुख्य वेदीच्या पुढ्यात, अगदी मोक्याच्या जागी, कोसिमो मेडिचीची खूण जमिनीत बसवली आहे आणि त्यावर त्याला 'पितृभूमीचा पिता' म्हटले आहे. चर्चमध्ये इतक्या मानाची जागा एखाद्या संताला मिळावी, तिथे एक सावकार निजला आहे.

होय, सावकारच. कोसिमोचा बाप जोव्हान्नी दि बिच्ची याने १३९७ साली फ्लॉरेन्समध्ये मेडिची बँक काढली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्याला कारकुनी करणारे, त्यामुळे या बँकेची हकिकत आम्हाला चित्रांपेक्षा जास्त रंजक वाटली. त्या काळी ख्रिस्ती धर्माने व्याज घेणे पाप ठरवले होते. मग युक्ती अशी की, एका शहरात एका चलनात पैसे द्यायचे आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्या चलनात हुंडीवर वसूल करायचे. चलनाच्या दरातला फरक म्हणजे नफा, त्याला व्याज म्हणायचे नाही! रोम, व्हेनिस, जिनिव्हा, ब्रुज, लंडन अशा ठिकाणी शाखा निघाल्या. सर्वात मोठा ग्राहक खुद्द पोप होता. युरोपभरातून रोमकडे येणारा धर्माचा पैसा या घराण्याच्या हातून फिरू लागला.

परंतु पैसा असला म्हणजे सत्ता मिळतेच असे नाही. ती कशी मिळाली, ते पुढच्या चौकात कळले.

थैलीतल्या चिठ्ठ्या

चर्चपासून निघून मोठ्या घुमटाचे कॅथेड्रल ओलांडले आणि सरळ रस्त्याने आम्ही सिन्योरिया चौकात पोचलो. तिथे उंच मनोऱ्याचा एक किल्लेवजा वाडा आहे. त्याला आता पालाझ्झो व्हेक्यो, म्हणजे जुना वाडा म्हणतात. हे फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचे सरकारी घर. येथे राजा नव्हता. नऊ जणांचे मंडळ राज्य करी. त्यात आठ प्रायर आणि एक प्रमुख, ज्याला न्यायाचा ध्वजधारी म्हणत. मुदत फक्त दोन महिने! निवड चिठ्ठ्या टाकून होई. पात्र नागरिकांची नावे चामड्याच्या थैल्यांत भरून ठेवत आणि वेळ आली की हात घालून काढत.

ऐकायला हे किती समतेचे वाटते! भाचीने विचारले, "मामा, पण थैलीत नाव कोणाचे पडायचे?" हाच खरा प्रश्न आहे. नाव पडायला माणूस पुरुष हवा, तिशी ओलांडलेला हवा, कराची थकबाकी नको आणि तो शहरातल्या एकवीस व्यावसायिक संघांपैकी एकाचा सभासद हवा. सात मोठे संघ बँकवाले, वकील, कापड-व्यापारी अशा बड्या धंद्यांचे आणि चौदा छोटे संघ खाटीक, लोहार, सुतार, चांभार अशा कारागिरांचे. शहरातील हजारो मजूर कोणत्याच संघात नव्हते. त्यांचे नाव थैलीत कधीच पडत नव्हते. ज्यांचे पडे, त्यांच्याही नावांची आधी छाननी होई, आणि छाननी करणारे जुन्या घराण्यांचे असत.

१४३३ साली अल्बिझ्झी या जुन्या घराण्याच्या गटाने कोसिमोला पकडले आणि याच वाड्याच्या मनोऱ्यातल्या कोठडीत डांबले. कोसिमोने बाहेर पैसा पोचवला, लाच दिली, आणि फाशीऐवजी हद्दपारीवर सुटला. पुढच्याच वर्षी त्याला अनुकूल नावे थैलीतून निघाली आणि १४३४ मध्ये तो वाजतगाजत परत आला. त्यानंतर त्याने एक गोष्ट पक्की केली. थैलीत कोणाची नावे घालायची, हे ठरवणारी माणसे आपली ठेवली. स्वतः तो ध्वजधारी उभ्या आयुष्यात तीनदाच झाला. प्रजासत्ताक कायम, मंडळ कायम, चिठ्ठ्याही कायम. फक्त निघणारे नाव आपल्याच माणसाचे.

ही माणसे 'आपली' कशी झाली? १९९३ साली पॅजेट आणि ॲन्सेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी त्या काळच्या घराण्यांचे विवाह, भागीदाऱ्या, कर्जे यांची नोंद घेऊन कोण कोणाशी जोडलेला होता याचा नकाशाच मांडला. त्यात असे दिसले की, विरोधी गटातील घराणी एकमेकांच्या सोयरिकीत इतकी गुंतलेली होती की कोणाचे ऐकायचे हेच ठरत नव्हते. मेडिचींच्या गटातील घराण्यांचे मात्र एकमेकांशी फारसे संबंध नव्हते. प्रत्येकाची दोरी येऊन मेडिचींच्याच हातात पडत होती. सोयरीक जुन्या खानदानी घराण्यांशी आणि धंदा नव्याने वर येणाऱ्यांशी, हे दोन्ही गट एकमेकांच्या घरी जेवायला जाणारे नव्हेत. दोघांना मेडिचीच लागत. खुद्द कोसिमोची बायको कोन्तेस्सिना ही बार्दी घराण्यातली होती. बार्दींची बँक केव्हाच बुडाली होती, पण नाव मोठे होते. पैशाने नाव घरात आणले.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम

पुढच्या पिढ्यांची लग्ने तर कुटुंबाच्या पानावर सांगण्यासारखी आहेत. कोसिमोचा नातू लोरेन्झो लग्नाचा झाला, तेव्हा त्याची आई लुक्रेझिया १४६७ साली रोमला गेली. ओर्सिनी या बड्या सरदार घराण्यातील क्लारिचे ही मुलगी तिने पाहिली आणि नवऱ्याला पत्राने कळवले. मुलगी उंच आहे, गोरी आहे, केस लालसर आहेत, मान बारीक आहे, बोटे लांब आहेत, रीतभात बरी आहे, पण आपल्या मुलींच्या तोडीची नाही! आमच्या सहचारिणी हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे चहा-पोह्याचा कार्यक्रम तिकडेही होता." होता, आणि मुलीचे मत तिकडेही कोणी विचारले नव्हते. लेकींच्या हुंड्यासाठी तर फ्लॉरेन्स सरकारने १४२५ साली खास ठेव योजना काढली होती. मुलगी लहान असताना बाप पैसे भरी आणि लग्नाच्या वेळी ते वाढून मिळत. घराण्याच्या बाजारात मुलगी ही हुंडीच होती.

पुढचा हिशेब पाहा. लोरेन्झोने आपली मुलगी मॅडालेना १४८८ साली पोप आठवा इनोसेंट याच्या मुलाला दिली. पोपला लग्न वर्ज्य, तरी त्याला मुलगा होता, आणि हे सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्याच वर्षी, १४८९ मध्ये, पोपने लोरेन्झोच्या मुलाला, जोव्हान्नीला, कार्डिनल नेमले. मुलाचे वय तेरा! वय फारच कमी म्हणून ही नेमणूक तीन वर्षे उघड करायची नाही असे ठरले. हाच मुलगा १५१३ साली दहावा लिओ म्हणून पोपच्या गादीवर बसला.

हे एकट्या मेडिचींचे नव्हते. पोप तिसरा कॅलिक्स्टस याने आपला भाचा रोद्रिगो बोर्जिया याला १४५६ साली कार्डिनल केले. भाचा १४९२ मध्ये सहावा अलेक्झांडर म्हणून पोप झाला आणि त्याने पुढच्याच वर्षी आपल्या मुलाला कार्डिनल केले. चौथ्या सिक्स्टसने पुतण्या-भाच्यांना पदे वाटली, त्यातलाच एक १५०३ साली दुसरा ज्युलियस म्हणून पोप झाला. वशिल्याला इंग्रजीत 'नेपोटिझम' म्हणतात, तो शब्द याच पोप लोकांच्या पुतण्या-भाच्यांवरून पडला. इटालियन भाषेत पुतण्या, भाची, नातू या सर्वांना एकच शब्द आहे, 'निपोते'. भाची हसून म्हणाली, "मामा, मीसुद्धा तुमची निपोते, पण तुमच्या ओळखीने मला साधा रेशनचा फॉर्मसुद्धा मिळाला नाही!" आम्ही म्हटले, "बाई, तुला जे मिळाले ते घटनेच्या ओळखीने मिळाले."

लिओच्या कारकिर्दीतील एक गोष्ट आपल्याशी थेट संबंधित आहे. रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी त्याने पापक्षालनाची पत्रे विकण्याचा धडाका लावला. पैसे द्या आणि पापाच्या शिक्षेतून सूट घ्या! त्याविरुद्ध १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर उभा राहिला. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिव्यवस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात ल्यूथरच्या याच धर्मसुधारणेचा दाखला दिला आहे. आधी धर्मातली गुलामी हटली, मग राजकीय मुक्ती आली, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा फ्लॉरेन्सच्या सावकाराच्या घरातला तेरा वर्षांचा कार्डिनल आपल्या अभ्यासाच्या पुस्तकापर्यंत असा येऊन पोचतो.

दोन अनौरस मुलगे

गुणांना वाव मिळाला असे शाळेच्या पुस्तकात होते, ते अगदी खोटे नाही. पण त्या वाक्याची दुसरी बाजू दोन मुलांच्या गोष्टीत दिसते.

लिओनार्दो १४५२ साली फ्लॉरेन्सजवळच्या व्हिंची गावात जन्मला. बाप नोटरी, आई काटेरिना नावाची गरीब मुलगी, लग्न झालेले नव्हते. नोटरींच्या संघात अनौरस मुलाला प्रवेश नव्हता, म्हणून बापाचा धंदा त्याला बंद. तो चित्रकाराच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. जगाचा त्यात फायदाच झाला, पण दार बंद होते हे खरे.

दुसरा मुलगा जुलिओ. त्याचा बाप लोरेन्झोचा भाऊ जुलियानो. १४७८ साली पाझ्झी घराण्याच्या कटात कॅथेड्रलमध्ये भर प्रार्थनेच्या वेळी जुलियानोचा खून झाला आणि हा अनौरस मुलगा मागे राहिला. नियमाप्रमाणे त्याला कार्डिनल होता येत नव्हते. पण चुलतभाऊ पोप झाला आणि जुलिओच्या आईबापांचे गुपचूप लग्न झाले होते असे जाहीर करून टाकले. १५१३ मध्ये जुलिओ कार्डिनल, १५२३ मध्ये सातवा क्लेमेंट म्हणून पोप! नियम एकच होता. एकाला तो भिंत झाला आणि दुसऱ्याला त्याच भिंतीत दार पाडून मिळाले.

आमच्यासारख्या कारकुनाला तिसऱ्याची गोष्ट जास्त लागली. निकोलो मॅकियाव्हेली हा फ्लॉरेन्स सरकारात १४९८ पासून चौदा वर्षे सचिव होता. पत्रे लिहिणे, अहवाल देणे, दौरे करणे ही त्याची कामे. १५१२ साली मेडिची परत सत्तेवर आले आणि त्याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी संशयावरून त्याला पकडून दोराने टांगण्यात आले. सुटल्यावर खेड्यातल्या घरी बसून त्याने 'प्रिन्स' लिहिले, आणि अर्पण कोणाला केले? मेडिची घराण्यातील एका तरुणाला. पुन्हा कामावर घ्यावे म्हणून! ज्याने सत्तेचे सगळे कायदे जगाला उलगडून दाखवले, त्यालाही शेवटी घराण्याच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागले.

लोकर पिंजणाऱ्यांचे राज्य

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सिन्योरिया चौकाच्या अलीकडे ओर्सानमिकेले चर्चला लागून एक जुनी दगडी इमारत आहे. तिच्यावर ध्वज धरलेल्या कोकराची खूण कोरली आहे. हे लोकर संघाचे मुख्यालय होते. फ्लॉरेन्सची श्रीमंती लोकरीच्या कापडावर उभी होती. परदेशातून लोकर यायची, ती धुवायची, कुटायची, पिंजायची, विंचरायची, मग सूत, विणकाम, रंग. संघात होते ते कारखानदार. लोकर धुणारे आणि पिंजणारे मजूर संघाचे सभासद नव्हते, पण संघाचे सगळे कायदे त्यांना लागू होते. त्यांना शिक्षा करायला संघाने बाहेरगावचा अधिकारी नेमला होता. एकत्र जमायला, वर्गणी गोळा करायला, संघटना काढायला बंदी. १३४५ साली ब्रांदिनी नावाच्या पिंजणाऱ्या मजुराने संघटना बांधण्याचा प्रयत्न केला. त्याला रात्री घरातून उचलले आणि फाशी दिले. गुन्हा एवढाच की त्याने सभा घेतल्या आणि वर्गणी जमवली!

आपल्या वाचकांना हे सांगताना मुंबईच्या गिरण्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिथेही आपल्या माणसाला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. कापड सर्वांनी विणायचे, पण माणसांमाणसांत विणकाम होऊ द्यायचे नाही, ही रीत जुनी दिसते.

फ्लॉरेन्सच्या या मजुरांना 'चोंपी' म्हणत. जुलै १३७८ मध्ये ते उठले. मागण्या साध्या होत्या. आमचा स्वतंत्र संघ मान्य करा, सरकारात वाटा द्या, तो शिक्षा करणारा अधिकारी काढा. २२ जुलैला त्यांनी सरकारी वाडा ताब्यात घेतला. ध्वज होता मिकेले दि लांदो या लोकर कामगाराच्या हाती. तो अनवाणी आणि फाटक्या कपड्यांत जिना चढला असे मॅकियाव्हेलीने लिहून ठेवले आहे. जमावाने त्यालाच ध्वजधारी म्हणून जाहीर केले. तीन नवे संघ निघाले आणि त्यातला एक खास चोंपींचा. थैलीत पहिल्यांदा मजुरांची नावे पडली.

मिकेले दि लांदो या नावाचा अर्थ 'लांदोचा मुलगा मिकेले'. एवढेच. आडनाव नाही. त्या काळी आडनाव ही घराणेवाल्यांची मालमत्ता होती. गरिबाला बापाच्या नावाने ओळखत. बिनआडनावाचा माणूस त्या खुर्चीवर बसला, हीच केवढी क्रांती!

पण ती टिकली नाही. कारखानदारांनी कारखाने बंद ठेवले, मजुरांच्या घरी चूल पेटेना. चोंपी आणखी हक्क मागू लागले, तेव्हा मिकेले त्यांच्या बाजूने राहिला नाही. ऑगस्टच्या अखेरीस याच चौकात त्याने बाकीच्या संघांच्या मदतीने आपल्याच लोकांवर शस्त्र चालवले. चोंपींचा संघ बरखास्त झाला. बाकीचे दोन नवे संघ १३८२ मध्ये मोडले आणि बड्या घराण्यांचे राज्य परत आले. त्या वर्षी मिकेलेलाही हद्दपार केले. त्याने ज्यांची बाजू घेतली, त्यांनीही त्याला आपला मानला नाही.

वाड्याच्या पहिल्या चौकात तिकीट लागत नाही. आम्ही आत गेलो. भिंतींवर ऑस्ट्रियातल्या शहरांची चित्रे रंगवलेली आहेत. १५६५ साली मेडिची ड्यूकच्या मुलाचे ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी लग्न झाले, तेव्हा सूनबाईंना माहेरची आठवण राहावी म्हणून ती काढली. ज्या वाड्यात मिकेले अनवाणी शिरला, त्याचा अखेर लग्नमंडप झाला! चिठ्ठ्यांच्या थैल्या संपल्या, प्रजासत्ताक संपले, सावकार ड्यूक झाले.

डुकराचे नाक

चौकामागे दोन मिनिटांवर नव्या बाजाराचा मंडप आहे. चामड्याच्या पिशव्या, पट्टे विकतात. तिथे ब्राँझच्या रानडुकराचा पुतळा आहे. त्याचे नाक चोळले की नशीब उघडते म्हणे. नाक चोळून चोळून सोन्यासारखे चकाकते आहे आणि जगभरातले लोक रांग लावून फोटो काढतात. त्याच मंडपाच्या कोपऱ्याच्या खांबात, वर कोनाड्यात, एक दगडी पुतळा उभा आहे. तो मिकेले दि लांदोचा. आम्ही अर्धा तास तिथे उभे होतो. डुकरासाठी रांग हलत नव्हती. मिकेलेकडे मान वर करून पाहणारे आम्ही तिघेच.

त्याला जयभीम करावा की करू नये, हे आम्हाला ठरवता येईना. तो आपला माणूस होता, आणि त्यानेच दार लावून घेतले. भाची म्हणाली, "मामा, त्याच्या मागे त्याचा संघ राहिला असता, तर तो असा वागू शकला असता का?" आम्हाला उत्तर सापडले नाही, पण प्रश्न आम्ही सोबत आणला आहे.

सहाशे वर्षांची आडनावे

हा सगळा जुना इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. १४२७ साली फ्लॉरेन्स सरकारने घरोघर मालमत्तेची नोंद केली होती. त्यावरून दिसते की शहरातल्या सर्वात श्रीमंत शंभर घरांकडे शहराच्या पाव हिश्शाहून जास्त संपत्ती होती. २०१६ साली बारोने आणि मोचेत्ती या दोन इटालियन अर्थतज्ज्ञांनी ही १४२७ ची आडनावे आणि २०११ ची करदात्यांची नोंद ताडून पाहिली. सहाशे वर्षांपूर्वी जी आडनावे वर होती, ती आजही वरच आढळतात! मधल्या काळात राज्ये बदलली, युद्धे झाली, राज्यघटना आली. आडनावाची पुण्याई पुरून उरली. आणि ज्यांना आडनावच नव्हते, त्यांची तुलना करायला नोंदही हाती लागत नाही.

लग्नाची चौकट बंद केली की जात तयार होते, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात पंचविशीत मांडले. फ्लॉरेन्समध्ये जात नव्हती. पण सोयरीक, पैसा आणि पद एकाच वर्तुळात फिरत राहिले की काय होते, हे तिथल्या दगडादगडात दिसते. मग आपण आपल्याकडेही पाहायला नको का? याच साप्ताहिकात वधू-वर सूचक जाहिराती येतात. त्यात अजूनही पोटजात विचारली जाते. समितीचा अध्यक्ष वारला की त्याच्या मुलाला खुर्ची देण्याचा ठराव एकमताने होतो. आपल्याकडे मेडिचींचा पैसा नाही, पण त्यांची रीत शिरायला पैसा लागत नाही.

ओळख वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून भीमराव नावाचा विद्यार्थी १९१३ साली अमेरिकेला गेला. ओळख तीही होती. फरक पुढे पडला. मेडिचींनी मिळालेली प्रत्येक ओळख घराच्या तिजोरीत जमा केली. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढल्या वर्षी सिद्धार्थ कॉलेजचे दार उघडले. तिथे शिरताना कोणाला आडनाव सांगावे लागले नाही. ज्याला घराणे नाही, त्याचे घराणे म्हणजे त्याची संघटना. ब्रांदिनीला फासावर चढवणाऱ्यांना हे मजुरांच्या आधी कळले होते, म्हणून तर त्यांनी वर्गणीची वही एवढी मनाला लावून घेतली.

संध्याकाळी परतीच्या गाडीची वेळ झाली. जाता जाता आम्ही सांता क्रोचे चर्चच्या बाजूला वाकडी वाट करून एक लहानसा चौक पाहिला. त्याचे नाव 'चोंपी चौक'. जिंकलेल्यांचे वाडे तिकीट लावून दाखवतात, हरलेल्यांच्या नावाचा चौक फुकट आहे. बाकावर म्हातारी माणसे बसली होती, पोरे चेंडू खेळत होती. आम्ही उरलेली पोळी-चटणी तिथेच बसून खाल्ली. भाचीने वहीत चौकाचे नाव लिहून घेतले आणि खाली आपले पूर्ण नाव लिहिले. आधी स्वतःचे, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव.

गावी परतल्यावर बुद्धविहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात मुलांना हीच गोष्ट सांगायची आम्ही ठरवले आहे. गोष्ट संपली की वर्गणीची वही फिरेल.